उडीबाईंचा गुडघा

"माझ्याकडे बघा!" हे दोन शब्द उडीबाई दिवसभरात इतक्या वेळा ओरडायच्या, की झोपेतसुद्धा त्या तेच ओरडतात असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. नवरा थोडं वाढवून सांगायचा, पण फार नाही. बालवाडीतली पोरं मैदानावर उभी करायची आणि त्यांना एका पायावर उडी मारायला शिकवायचं, हे काम ज्यानं कधी केलेलं नाही त्यानं यावर हसू नये. बाई पाय उचलणार, तेवढ्यात कुणालातरी मुंगी दिसणार. मुंगी दिसली की तिच्याभोवती निम्मी फौज उकिडवी बसणार. एकजण बुटाचा बंद तोंडात घालून चघळणार. एक मुलगी अगदी जवळ येऊन, आमच्या मांजरीला पिल्लं होणार आहेत, ही बातमी बाईंच्या कानात सांगणार. आणि उरलेले सगळे आकाशातलं विमान दिसेनासं होईपर्यंत तोंडं उघडी टाकून वर बघत राहणार.

"अरे माझ्याकडे बघा रे! विमान काय उडी शिकवणार आहे तुम्हाला?" बाई घसा फोडून ओरडायच्या.

कुणी बघत नसे. निदान उडीबाईंची तशी पक्की खात्री होती. पुढचा सगळा घोटाळा त्या खात्रीमुळेच झाला.

बालवाडीच्या व्हरांड्यात एक रंगीत तक्ता टांगलेला होता. वर जाड अक्षरांत 'शारीरिक शिक्षण : अध्ययन निष्पत्ती' असं लिहिलेलं. साध्या भाषेत सांगायचं, तर वर्ष संपताना पोराला काय काय यायला हवं त्याची जंत्री. लहान गटातलं मूल दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी मारतं. मोठ्या गटातलं मूल एका पायावर तोल सांभाळून पुढे जातं, मोठा चेंडू दोन्ही हातांनी झेलतं, कुणाला न धडकता मोकळ्या जागेत धावतं, सूचना मिळताच थांबतं. या शेवटच्या वाक्यापाशी आल्या की उडीबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "सूचना मिळताच थांबतं म्हणे! ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला एक दिवस इथे आणून सोडा माझ्याजवळ. संध्याकाळी त्याला उचलूनच न्यावं लागेल."

त्या बोलायच्या अशा, पण त्या तक्त्यातलं प्रत्येक वाक्य प्रत्येक पोराकडून करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि करून घ्यायच्या त्यासुद्धा भांडत, चिडत, कपाळाला हात लावत. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला तर तो चुकून निघालेला असायचा. तरी पोरं त्यांना बिलकूल घाबरत नसत. चार वर्षांच्या माणसाला खरा राग आणि नुसता आवाज यातला फरक बरोबर कळतो.

मुळात त्या याच शाळेच्या मोठ्या मुलांना खेळ शिकवायच्या. तरुणपणी लांब उडीत त्यांनी बक्षिसं मिळवलेली होती. बालवाडीच्या खेळाच्या बाई अचानक सोडून गेल्या तेव्हा, दोनच महिने सांभाळा, असं सांगून त्यांना इकडे पाठवलं. त्या फुरंगटूनच आल्या. ज्या बाईनं उंचापुऱ्या मुलींना स्पर्धेत उतरवलं तिनं आता पोरांचे शेंबूड पुसत बसायचं का, असं त्या घरी येऊन रोज म्हणायच्या. मग एका सकाळी एक गोलमटोल मुलगी त्यांच्यासमोर उडी मारायला उभी राहिली. लहान मुलाची पहिली उडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल. गुडघे वाकतात, हात मागे जातात, तोंड फुगतं, सगळं अंग वर झेपावतं आणि पाय मात्र जमिनीलाच चिकटलेले राहतात. मूल ओरडतं, "मारली उडी!" ती मुलगी आठवडाभर अशीच उड्या मारत होती आणि बाई रोज तिच्यावर खेकसत होत्या. त्या सकाळी मात्र तिचे दोन्ही पाय खरोखर सुटले. पेरभर सुटले असतील. खाली आल्यावर ती ओरडली नाही. तिनं नुसतं जमिनीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्या चेहऱ्यानं उडीबाई अडकल्या त्या अडकल्याच. पुढे मोठ्या मुलांसाठी परत बोलावणं आलं तेव्हा त्यांनी इतक्या सबबी सांगितल्या की बोलावणाऱ्यानंच हात टेकले. 'उडीबाई' हे नाव पोरांनी दिलं. खरं नाव शाळेच्या कागदांत तेवढं राहिलं.

आणि अशा या उडीबाईंचा डावा गुडघा गेला.

एकदम नाही गेला. आधी जिना उतरताना कुरकुरला, मग बसून उठताना बोलायला लागला, मग एक दिवस बेडूकउडी दाखवताना असा काही कळवळला की बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि सांध्यातली गादी झिजून गेल्याचं सांगितलं. ऑपरेशन, मग काही महिने सक्तीची विश्रांती, आणि नंतरही, डॉक्टर सांगेपर्यंत, उड्या मारायच्या नाहीत. बाईंनी फोटो पिशवीत घातला, घरी आणला आणि कपड्यांच्या कपाटावर फेकून दिला.

"अगं, करून टाक ना ऑपरेशन," नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, आणि वेळेवर तपासून घेतलं की जगात काही बिघडत नाही असं त्याचं ठाम मत होतं.

"आणि शाळेत काय सांगू?"

"गुडघा दुखतो म्हणून सांग. गुन्हा आहे का?"

"अहो, गाण्याच्या बाईंचं काय झालं विसरलात? घसा बसला म्हणून खरं खरं सांगायला गेल्या. कुठे बसवलंय त्यांना आता? पुस्तकांच्या खोलीत! दिवसभर पुस्तकांना कव्हरं घालतात. दार ढकललं की अशा बघतात, जसं कुणी त्यांना सोडवायलाच आलंय."

"पण तू लंगडतेस, ते दिसत नाही का कुणाला?"

"तिथे बघतंय कोण माझ्याकडे?" उडीबाई करवादल्या. "दिवसभर बोंबलते, माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा. एक कार्टं बघेल तर शपथ."

मग लपवाछपवी सुरू झाली. एका पायावरची उडी दाखवायची झाली की बाई मैदानाच्या कडेच्या लोखंडी खांबापाशी जायच्या. जणू सहज हात टेकलाय अशा थाटात खांब धरायच्या आणि टुणकन एक उडी मारायच्या. दुसरी मारायच्या नाहीत. जिना उतरायचा तर कठड्याला दोन्ही हात लावून आडव्या, एक एक पायरी. जमिनीवर गोल करून बसलं की उठताना हात गुडघ्यावर, क्षणभर थांबायचं, डोळे मिटायचे आणि दातांच्या फटीतून हळूच "आई गं" म्हणत उभं राहायचं. इतकं हळू, की शेजारच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. शाळेतल्या मावशी पोरांना आणायला-न्यायला मैदानावर यायच्या. त्यांनाही काही कळलं नाही, मग पोरांना काय कळणार!

आता या धंद्यातली एक खुबी सांगायला हवी. लहान मुलांसमोर तोंड करून कवायत शिकवायची तर आरशासारखं उलटं करावं लागतं. "उजवा हात वर" असं तोंडानं म्हणायचं आणि स्वतःचा डावा वर करायचा. पोरं समोर दिसतं तसं करतात, म्हणजे त्यांचा बरोबर उजवा वर जातो. उडीबाईंच्या हे इतकं अंगात मुरलं होतं, की रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तर उजवीकडच्या गल्लीत जायचं असलेल्याला त्या बेधडक डावीकडे पाठवायच्या. नवऱ्यानं तर त्यांना रस्ता विचारणंच सोडून दिलं होतं.

पहिली तक्रार एका आजीनं आणली. "बाई, आमचा नातू जिना उतरताना खेकड्यासारखा आडवा उतरतो हो. आधी धडाधड यायचा. आता कठडा धरून एक एक पायरी. विचारलं तर म्हणतो, असंच उतरायचं असतं."

"आजी, तुम्ही त्याला कडेवर घेऊन जिने चढता-उतरता, मी पाहिलंय स्वतः," उडीबाई म्हणाल्या. "पाय वापरायलाच देत नाही तुम्ही लोक. मग पाय विसरतात."

आजी तशाच परत गेल्या, कारण ते खरंच होतं. पण दोन दिवसांनी एका मुलीचे वडील आले. मुलगी जेवून उठताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवते, डोळे मिटते आणि "आई गं" म्हणते. तिची आई घाबरून धावत येते, तर मुलगी म्हणते, तू नको, मी नुसतं म्हणतेय. त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं, गुडघ्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. मग तिसरे आले, चौथे आले. सगळ्यांच्या मुलांचा उजवा गुडघा. पालकांच्या तोंडचं पाणी पळालं. काहीतरी साथ आहे, पाण्यातून येतंय, असंही कुणी बोलून गेलं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या मुळात घाबरट, आणि घाबरल्या की परिपत्रक काढायच्या. पहिलं परिपत्रक बुटांवर निघालं: मऊ तळव्याचेच बूट घालून पाठवावेत. पालकांनी निमूटपणे नवे बूट घेतले. पोरं नव्या बुटांत लंगडायला लागली. मग मैदान टणक आहे म्हणून वाळू टाकली. वाळू पोरांनी एकमेकांच्या खिशात भरली आणि लंगडणं तसंच राहिलं. मग दूध वाढवा म्हणून परिपत्रक निघालं. त्या आठवड्यात वर्गात ओकाऱ्या तेवढ्या वाढल्या.

उडीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षभर त्या एका पायावरच्या उडीसाठी जिवाचं रान करत होत्या, आणि पोरं उडी मारायची सोडून म्हाताऱ्यांसारखी कण्हत होती! पालकसभेत मोठ्या बाईंनी त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

"तुम्ही मला विचारता, पोरांना काय झालंय? मी तुम्हाला विचारते, घरी काय चाललंय? शाळेच्या दारापर्यंत गाडी. दारापासून वर्गापर्यंत कडेवर. घरी गेलं की सोफा. पडेल म्हणून पळू द्यायचं नाही, लागेल म्हणून चढू द्यायचं नाही. बुटाचे बंद आजोबा बांधणार, दप्तर आजी धरणार. आणि हे 'आई गं' कुठून आलं? मुलं बघून बघून शिकतात, आपोआप नाही! तुमच्या घरात कोण कण्हतं ते शोधा आधी!"

एका सुनेनं हळूच शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी मान वळवली. उडीबाई ताठ मानेनं खाली बसल्या. बसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बोलल्या त्यातला शब्द न् शब्द त्यांना मनापासून खरा वाटत होता.

वर्ष संपत आलं आणि तक्त्यात लिहिलेलं पोरांना किती येतं ते पालकांना दाखवायचा दिवस उगवला. मैदानाच्या एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत मोठ्या बाई बसल्या होत्या. पोरं पालकांना नीट दिसावीत म्हणून उडीबाई खुर्च्यांच्या बाजूलाच, पोरांसमोर तोंड करून उभ्या राहिल्या. सुरुवात छान झाली. चेंडू झेलले गेले. धावताना दोघंच धडकले आणि तेही रडले नाहीत. "थांब!" म्हटल्यावर चक्क सगळी थांबली. उडीबाईंना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

मग एका पायावरची उडी आली. पहिला मुलगा पुढे आला. त्यानं मधल्या मोकळ्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ कडेच्या खांबापाशी गेला, सहज ठेवल्यासारखा हात खांबावर ठेवला, पालकांकडे बघून हसला, एकच टुणकन उडी मारली आणि परत आला. दुसरी आली. तीही खांबापाशी. तिसरा, चौथी, सगळी रांग ओळीनं खांबाला हात लावून गेली. पालक आधी बुचकळ्यात पडले, मग कुणीतरी फिसकन हसलं.

"बस खाली! सगळे बसा!" उडीबाई ओरडल्या. पोरं मांडी घालून बसली. "आता उठा! सरळ उठा!"

सगळ्यांचे उजवे हात उजव्या गुडघ्यांवर गेले. सगळे क्षणभर थांबले. सगळ्यांनी डोळे मिटले. आणि मग सबंध बालवाडी एका सुरात, दातांच्या फटीतून, अगदी हळू म्हणाली, "आई गं."

खुर्च्यांवर हसण्याचा स्फोट झाला. लोक पोट धरून हसत होते, मोबाइल काढून टिपत होते. मोठ्या बाई रुमालानं डोळे पुसत होत्या, त्यात हसू किती आणि धास्ती किती ते कळत नव्हतं. उडीबाई तेवढ्या न हसता पोरांसमोर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बावीस छोट्या उडीबाई उभ्या होत्या. डोळे मिटण्याची पद्धत त्यांचीच. ओठ आवळून मान जराशी डावीकडे टाकायची, म्हणजे पोरांनी उजवीकडे, तीही त्यांचीच. त्यांच्या डाव्याचं पोरांनी नेमकं उजवं केलं होतं. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

त्या लपवत होत्या ते मोठ्यांपासून. मोठ्यांना काहीच दिसलं नव्हतं. आणि ही कार्टी, विमानं बघणारी, मुंग्या बघणारी, बुटाचे बंद चघळणारी कार्टी! त्यांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. उडीबाईंना इतका राग आला की कुणाचा ते त्यांनाच कळेना. त्या रागातच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पोरांना ओळीनं वर्गात पाठवलं आणि मावशींना म्हणाल्या, "वाळू गेली डोळ्यांत. कशाला टाकली मेली ती वाळू!"

गंमत अशी की कुणालाही काही उमगलं नव्हतं. पालक हसत हसत घरी गेले. मोठ्या बाईंनी तर दुसऱ्या दिवशी नवा मसुदा तयार ठेवला होता, या खेपेला मोज्यांवर. उडीबाईंना नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागणार होती, पोरं पुढच्या वर्गात जाणार होती, सगळं विसरलं जाणार होतं. रात्रभर नवऱ्यानं त्यांना हेच समजावलं होतं. पण सुट्टी संपली की नवी पोरं येणार होती. कोरी पोरं, ज्यांना अजून उडी कशी असते तेच माहीत नव्हतं.

"ते मोजे राहू द्यात बाई," उडीबाई मोठ्या बाईंच्या खोलीत शिरता शिरताच म्हणाल्या. "बुटांत काही नव्हतं, वाळूत काही नव्हतं. माझा गुडघा गेलाय. डावा. पोरांनी माझ्याकडून उचललंय ते."

मोठ्या बाईंनी मोज्यांचा मसुदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "पण तुम्ही तर त्या सभेत..."

"हो, बोलले ना! गाढवासारखी बोलले! घरात कोण कण्हतं ते शोधा म्हणाले. मिळाली कण्हणारी. आता सांगा काय ते."

मोठ्या बाई घाबरट होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन करून घ्या. तोवर बदली शिक्षक नेमावा लागेल, आणि तो नेमायचा तर वर्षभरासाठी. वर्षानंतर शाळेच्या समितीला तो आवडला तर समिती त्यालाच ठेवील. मग तुमच्यासाठी जागा कुठली राहील, ते मी आत्ता सांगू शकत नाही. पुस्तकांच्या खोलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घ्यायची गरज दोघींनाही वाटली नाही.

"एक करते मी," शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या. "माणूस तुम्हीच निवडा. तुम्ही म्हणाल त्याला घेते. एवढं माझ्या हातात आहे."

घरी नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. "मग तर प्रश्नच मिटला! एखादा बावळट बघून घे. वर्षभर कसंबसं ढकलील. समितीच म्हणेल, आमच्या उडीबाई परत आणा."

उडीबाईंनी वरवर नाक मुरडलं. पण तो सल्ला त्यांना पटला होता हे खोटं नाही.

तीन उमेदवार आले. पहिला दंड फुगवलेला तरुण होता. त्याला उडी मारून दाखव म्हटलं तर त्यानं आधी आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि मग मारली. "झालं! आता सगळी पोरं उडीआधी भांग पाडणार," उडीबाई पुटपुटल्या आणि त्याला वाटेला लावला. दुसरा मध्यम वयाचा, शांत, जरा पोक काढून चालणारा. उड्या ठीक मारायचा. त्याला दुसरीकडे नोकरी लागायचीच होती, वर्षाच्या आतच तो जाणार होता, तसं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलंही. पोक सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती. मोठ्या बाईंनी उडीबाईंकडे सूचकपणे पाहिलं. पोक तर काय, कुणालाही असतं, असं उडीबाईंनी मनाशी म्हणूनही पाहिलं.

तिसरी एक सडपातळ मुलगी होती, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. घाबरलेली. उडीबाईंनी तिला वाळूत उभं केलं.

"एका पायावर मार. खांबाकडे जायचं नाही."

तिनं मारल्या. पाय जमिनीवर येत होता तो आवाज न करता, गुडघा मऊ वाकत होता, हात आपोआप तोल सांभाळत होते. उडीबाईंनी तिला परत मारायला लावल्या. मग दुसऱ्या पायावर. मग बेडूकउडी. मग बस, ऊठ, जिना चढ, उतर. त्या दोष शोधत होत्या. एखादी लकब, एखादा झटका, नाक ओढणं, ओठ चावणं, काहीतरी. सापडेना तसतशी त्यांची चिडचिड वाढत गेली. मुलगी घामाघूम झाली.

"माझं काही चुकतंय का बाई?"

"चुकत असतं तर एव्हाना घरी गेली असतीस. पोरं आहेत समोर असं समज आणि उजवा हात वर करायला सांग त्यांना."

मुलगी उडीबाईंसमोर तोंड करून उभी राहिली. "उजवा हात वर!" म्हणाली आणि तिनं स्वतःचा डावा वर केला. उडीबाईंचा उजवा हात आपसूक वर गेला. तो वर गेलाय हे कळल्यावर त्यांनी चटकन खाली घेतला.

मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला नेलं. "बाई, नीट विचार करा. ही एकदा आली की समिती हिला सोडायची नाही. तो दुसरा काही वाईट नव्हता."

मुलीनं ते ऐकलं असावं. ती पुढे येऊन गडबडीनं म्हणाली, "मी फक्त वर्षभरासाठी येईन बाई. तुम्ही बऱ्या झालात की मी जाईन, खरंच. तुमची जागा मला नको आहे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस," उडीबाई तिच्यावर खेकसल्या. "जाईन म्हणे! एका पोराचे पाय जमिनीवरून सुटताना बघशील ना, मग विचारीन तुला. तुला नाही सोडवणार ही पोरं. मला सोडवतंय का बघ!"

एवढं म्हणून त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. गुडघा ठणकत होता, आणि आता तो लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

"हिलाच घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सुट्टीनंतर वगैरे नको. उद्यापासून बोलवा. आहेत त्या पोरांचे पाय सरळ करून मगच पुढे पाठवा."